मधली खुर्ची

परवा आमच्या गावात जत्रंच्या नाटकाची तालीम हुती, शाळंत, आन् मी बाळूला काकंवर घिऊन दारातनं बगत हुते. सांगलीसनं नवी नटी आलीया, इशीची बी नसंल, तिनं आल्या आल्या मास्तरांची लाकडी खुर्ची वढली आन् आपल्या आन् हिरोच्या मधी ठिवली. हिरो म्हंजे आमचा गिरणीवाला. त्यो म्हणला, "आवं बाई, ही कशाला मधी? पिरमाचा परवेश हाय न्हवं?" तर ती पोरगी म्हणती, "पिरमाचा हाय म्हणूनच खुर्ची. इंदूताईनं शिकवलंय."

सगळी हसली. मला न्हाई हसू आलं. मी तशीच मागं फिरले. आज आत्याबाई, म्हंजे माजी सासू, रानात गेल्यात, बाळू निजलाय, आन् त्यो उठायच्या आत मला इंदूताईचं समदं सांगून टाकायचंय, न्हाईतर आमच्या गावात तिचं नाव काढणारं कोण ऱ्हायलं न्हाई. माजी शाळा पाचवीपस्तोर, तवा बोलते तसंच सांगते.

आमच्याकडं खंडाळ्याच्या बाजूला, जत्रंला गावातलीच पोरं नाटक करत्यात. बाप्यांची कामं बाप्ये करत्यात, पण गावातली बाई कशी तोंडाला रंग लावंल? म्हणून सांगली-मिरजंसनं नटी ठरवून आणायची. ती त्याच दिवशी सकाळच्या येस्टीनं येती, पतऱ्याची ट्रंक घिऊन, दुपारी एक तालीम, दिवस मावळल्यावं नाटक, दुसऱ्या दिवशी पयल्या येस्टीनं परत. नाटकं ठरल्याली, हसायची, आन् नटीला समदी तोंडपाठ. आज ह्या गावात ह्या पोराची नायिका, उद्या फुडल्या गावात दुसऱ्याची. इंदूताई ह्येच करायची. चाळिशी वलांडली तरी करायची, आन् पावडर लावून, दोन येण्या सोडून, हातात पुस्तक धरून ती "बाबा, मी कॉलेजला निघाले हं" असं म्हणत आली की कुणाची टाप हुती तिला चाळिशीची म्हणायची!

स्टेजवर तिची भाषा पुस्तकातली. "अहो, इश्श, असं काय हो करता?" आन् परवेश संपवून आत आली की, "ए कोण हाय रं तितं, च्या आण की, नरडं वाळलं."

खुर्चीचं असं. गावची पोरं, कवा परक्या बाईजवळ हुबी न ऱ्हायल्याली. पिरमाच्या परवेशात हात धरायचं निमित्त घावायचं आन् मग हात सोडायचं इसरायची. म्हणून इंदूताईनं रीतच लावली हुती, पिरमाचं बोलणं समदं खुर्चीच्या आरपार. हिरो हिकडनं आला की ही तिकडनं जायाची, त्यो तिकडनं आला की ही हिकडनं, आन् लोकं हासून हासून लोळायची. एकदा एक पैलवान हिरो हुता, त्यो चिडला आन् खुर्चीच उचलून डोस्क्यावर धरली. इंदूताई लगीच म्हणली, "अय्या, माझ्यासाठी एवढं ओझं उचललंत? आता असंच धरून बसा, मी बाबांना बोलावून आणते." आन् गेली आत. पैलवान खुर्ची धरून हुबा, कारण फुडचा डायलॉग तिचा हुता.

माजी तिची वळख झाली ती बाळूच्या पायापायी. बाळू जल्मला त्योच डावं पाऊल आत वळल्यालं. आमचे मालक पलटणीत, पार लांब, बर्फात. आत्याबाई म्हणल्या, देवानं दिलंय तसं असूद्या. पण तात्या म्हणले, "न्हाई वैनी. उद्या पोरगं पलटणीत जायाचं म्हणलं तर पाऊल सरळ पायजे." तात्या म्हंजे मालकांचे चुलते, पेन्शनीत आल्याले हवालदार. आमच्याच घरात दुसऱ्या आंगाला ऱ्हात्यात, एकलेच. त्यांची बायकू बाळंतपणात गेली तवा त्ये सरहद्दीवर हुते, त्यास्नी कळलं तवर तेरावं बी झालं हुतं. मूल न्हाई, बाळ न्हाई.

तर तात्यांनी मला आन् बाळूला मिरजंला नेलं. डाक्टर म्हणले, प्लास्टर घालायचं, काढायचं, पुन्यांदा घालायचं, असं लय महिनं. मग ऱ्हायाचं कुटं? तात्या म्हणले, सांगलीत जत्रंच्या नटीच्या शेजारची खोली मोकळी हाय, बाई चांगली हाय. आन् मला तितं ठिवून त्ये दुसऱ्या दिवशी गेले बी.

मला समद्याचंच भ्या. हळदीच्या पेठंच्या मागं ती खोल्यांची वळ, दारासमोरनं दिसभर हळदीच्या गाड्या, भितीवर पिवळी धूळ, बाळूचं पांढरं प्लास्टर दोन दिसात पिवळं. नदीचं भ्या, शिटी बसचं भ्या, प्लास्टर कापायच्या मिशनीचं भ्या, आन् समद्यात जास्ती तारवाल्याचं, मालकांचं कायतरी वंगाळ कळवंल म्हणून. सायकलची घंटी वाजली की मी दार लावून बाळूला छातीशी धरून कोपऱ्यात. इंदूताई भितीवर थाप मारायची, "शालन, भाईर ये गं, दूधवाला हाय." मग आत येऊन बसायची आन् म्हणायची, "भ्या मला बी वाटतंय की, दर परवेशाला. हात कापाय लागलं की दोनी हात पाठीमागं धरायचे. लोकास्नी वाटतंय हिरवीन लाजली."

मी आज बी तसंच करते, आत्याबाईंच्या फुडं.

तिच्या खोलीत आरसा नव्हता. नटीची खोली आन् आरसा न्हाई! पावडरच्या डबीच्या झाकणात रुपयाएवढी काच हुती, त्यात बगून रंग लावायची, आदी एक डोळा, मग दुसरा, मग व्हट. मी इचारलं तर म्हणली, "त्वांड एकदम समदं बगू न्हाई. समदं बगितलं की वय दिसतंय. सुटं सुटं बगितलं तर माजा डोळा आजून कॉलेजातच हाय." आन् एक घडीची खुर्ची हुती, भितीला टेकवल्याली, मिटून. तिच्यावर ती कवा बसायची न्हाई, मला बी बसू द्यायची न्हाई. "ती पावण्याची," म्हणायची. पावणा कोण यायचा न्हाई.

दुपारी मी शेंगा फोडायची, बाळू मधी निजल्याला, आन् ती मला नाटकं सांगायची. मी म्हणायची, "इंदूताई, समद्या नाटकात येकच कसं गं? पोरगी, पोरगा, पिरेम, आन् बाप न्हाई म्हणतोय."

"मग? बापानं पयल्याच अंकात व्हय म्हणलं तर लोकं घरला जायाची न्हाईत का? न्हाई म्हणणारं कोणतरी लागतंयच गं. बाप न्हाईतर मामा, मामा न्हाईतर घरमालक. आदी त्यो वरडतोय, काठी आपटतोय, पोरीला कोंडून ठिवतोय. मग हिरो येतोय, सवंग घिऊन, आचारी हून, न्हाईतर दाढी लावून बुवा हून. बापाला कळत न्हाई. समद्या गावाला कळतंय, येकट्या बापाला कळत न्हाई. आन् तिसऱ्या अंकात बाप हासतोय, 'आरं लबाडांनो, मला समदं ठाऊक हुतं!' त्यो हासला की लोकं घरला जायाला टोप्या घालाय लागत्यात. पोरगा-पोरगीकडं बगत बी न्हाईत मग. म्हंजे बग, लोकं पिरेम बगायला येतच न्हाईत. बाप कवा हासतोय त्ये बगायला येत्यात."

असं म्हणून ती शेंगंचं फोलपाट फुकून उडवायची. मग एकदा म्हणली, खाली बगून, "आन् शालन, खरं सांगू? त्या पोरीचं नशीब बग. तिच्या नावानं न्हाई म्हणायला घरात माणूस तरी हाय. मी उद्या कुणाचा हात धरून गेले तर ह्या जगात माज्यावर वरडणारं कोण हाय? आई नाटक कंपनीत मेली, बाप मला ठाऊक न्हाई. वरडायला कोण न्हाई तर तिसऱ्या अंकात हासणार तरी कोण?"

मला माजा बाप आठवला. त्यो लय वरडायचा.

आता एक मी डोळ्यानं बगितलेलं सांगते. माजं नवं लगीन झाल्यालं, गावातली माजी पयली जत्रा. त्या साली हिरो आमच्यातला शिंपी हुता, आन् त्याचं बी लगीन तवाच झाल्यालं. शेवटचा परवेश. बाप हासला, आता हार घालायचा. शिंप्यानं हार उचलला तशी बायकांच्यातनं त्याची बायकू उठली, सोळा-सतराची पोर, रडत वरडली, "बास झालं आता! घरी चला तुमी!" शिंप्याचा हात वरच ऱ्हायला. मग कोणतरी फिदीफिदी हासलं, आन् आता त्या पोरीची जल्मभर चेष्टा हुणार ह्ये मला बसल्या जाग्याला कळलं. पण इंदूताई फुडं आली. पार कडंपस्तोर आली, आन् हात लांब करून म्हणली, "अगं ताई, तुझीच तर वाट बघत होते मी! या वेंधळ्याला केव्हाची सांगतेय, माणूस चुकलंय म्हणून. ये वर." आन् तिला वर घितली, हार तिच्या हातात दिला, नवरा-बायकूनं येकमेकास्नी हार घातले, टाळ्या तर अशा पडल्या की लिंबाच्या झाडावरची पाखरं उठली. इंदूताई कवा आत गेली कुणाला कळलं बी न्हाई. गळा तसाच मोकळा.

त्या नाटकात बाप तात्या हुते. दरसाल बाप तात्याच. पल्टणीचा आवाज, ताठ पाठ, मिशा सोताच्याच. "न्हाई! ह्ये लगीन हुनार न्हाई!" म्हणून काठी आपटली की म्होरं बसलेली पोरं आयच्या मांडीत शिरायची. आन् तिसऱ्या अंकात कंबरंवर हात ठिवून हासायचे, त्ये हसू देवळाच्या शिखराला जाऊन यायचं. येरवी तात्या हासत न्हाईत. वरसातनं एकदा, तेवढंच. आन् हासून झालं की लेकीचा हात जावयाच्या हातात द्यायचा. तेवढा एक टायम त्यांचा हात इंदूताईच्या हाताला लागायचा. गिरणीवाल्याला द्यायचे, शिंप्याला द्यायचे, पैलवानाला द्यायचे. ह्ये मला तवा सुचलं न्हाई, सांगलीत सुचलं.

कारण तात्या सांगलीला यायचे, जवारी, शेंगा, गूळ घिऊन, बाळूचं प्लास्टर बदलायच्या दिवशी. आन् त्ये आले की इंदूताई ती घडीची खुर्ची उघडायची. पदरानं पुसायची. तात्या खुर्चीवर, ताठ, मांडीवर टोपी. ही उंबऱ्यावर. मधी च्याचा कप. दोघं बोलायचे काय? "पाऊस हाय का तिकडं?" "हाय बेताचा." "बाळूचं पाऊल वळाय लागलं बरं का." "व्हय, डाक्टर म्हणले." झालं. मग तात्या उठायचे, मला म्हणायचे, "पोरी, काय लागलं तर सांग," आन् ती खुर्ची लगीच मिटायची न्हाई. ती दिसभर तशीच उघडी ऱ्हायाची, आन् इंदूताई तिला वळसा घालून घरात काम करायची.

माघात एकदा तात्या उठता उठता परत बसले. टोपी हातात फिरवत म्हणले, "इंदूबाई, औंदा जत्रंला याल तवा... नाटक झाल्यावं परत जाऊ नगा."

मी आतल्या दारात बाळूला पाजत हुते. इंदूताई खालीच बगत हुती, मग म्हणली, "हवालदार, ह्यो डायलॉग कुणी ल्हिवून दिला तुमास्नी?"

"कुणी न्हाई. लय साल पाठ करत हुतो."

ती हासली न्हाई. दोनी हात पाठीमागं घितले. म्हणली, "जत्रंत सांगते. तिसरा अंक झाल्यावं."

तात्या गेल्यावर ती माज्याकडं वळली, डोळं असं चमकल्यालं. "शालन, तुजी आत्याबाई न्हाई म्हणंल का गं?"

मी म्हणले, "म्हणतील की. लय वरडतील."

"वरडू दे!" ती म्हणली, आन् बाळूला वर उचलून प्लास्टरसकट नाचवलं. "वरडू दे की! काठी घिऊन येऊ दे! मी असला बाप कितींदा हासवलाय गं!" तिला लय आनंद झाला हुता, कोणतरी न्हाई म्हणणार ह्याचा.

मग तिनं हिरवं लुगडं घितलं, काठाचं, ट्रंकंत तळाशी ठिवलं. खोलीवाल्याला म्हणली, जत्रंनंतर खोलीचं सांगते. आन् मी बाळूला घिऊन जत्रंच्या आदी गावाला आले तर तात्यांनी आपल्या आंगाच्या खोल्यांस्नी चुना दिल्याला, कौलं शाकारल्याली, आन् भितीवर आरसा. हाताएवढा लांब, नवा, लाकडाच्या चौकटीतला. त्यास्नी मीच बोलता बोलता सांगितलं हुतं, तिच्याकडं आरसा न्हाई म्हणून. आत्याबाई दारात हुबं ऱ्हाऊन म्हणल्या, "आरसा कुणासाठनं, भावजी? मिशा तर तुमी पाण्यात बगून कापता." तात्या आरशाची चौकट पुसाय लागले. आत्याबाई वरडल्या न्हाईत. तितंच मला भ्यायला पायजे हुतं. मी येरवी समद्याला भिते, नेमकी तवा भ्याले न्हाई.

जत्रंच्या दिवशी दुपारी तालीम झाली. आमच्यात त्या दिवशी माहेराला आलेल्या गावच्या लेकींची देवळाच्या वट्यावर वटी भरत्यात, खण, नारळ, गहू. आत्याबाईंनी पाट मांडले हुते. इंदूताई तालमीवरनं आडावर तोंड धुवायला चालली हुती.

"इंदू! आगं ए इंदू!" आत्याबाईंनी हाक मारली. आजवर त्या तिला 'ती नाटकवाली' म्हणायच्या. "हिकडं ये. बस पाटावं."

"मी?" इंदूताई म्हणली.

"तू न्हाई तर कोण? दरसाल येतीस, गावाला हासवतीस. आयबाप न्हाईत म्हणून कुणाची लेक न्हाईस व्हय? आमच्या गावची लेक तू."

एक म्हातारी म्हणली, "आगं पण वटी सवाशिणीची भरायची. हिचं लगीन कुटं झालंय?"

"दरसाल लागतंय की!" आत्याबाई म्हणल्या. "आज बी लागंल दिवस मावळल्यावं!"

बायका हसल्या. इंदूताई बी हसली, आन् हसत हसतच पाटावं बसली. मग येकेक बाई आली. हळद लावली, कुकू लावलं, कुणी गहू घातले, कुणी गजरा माळला, ती शिंप्याची बायकू तर तिच्या पाया पडली. "इंदूताई, आता हे तुमचं माहेर बरं का." खोटं कोण बोलत नव्हतं. समद्या मनापासनं करत हुत्या, आत्याबाई सोडून. इंदूताईचं डोळं भरल्यालं, ती कुणाकुणाकडं बगत हुती, आपल्याला येवढी माणसं हायत ह्ये जसं तिला तवाच दिसत हुतं.

मग आत्याबाई वळल्या. "भावजी! आवं भावजी, हिकडं या. भनीच्या वटीत खण टाका. घरातला थोरला भाव तुमी, पयला मान तुमचा."

आमच्यात एकदा गावची लेक म्हणलं की गावातला दरेक बाप्या तिचा भाव. तितं मग लगनाचं नाव काढायचं न्हाई. काढलं तर गाव तोंडात शेण घालंल.

इंदूताईचं हसू तितंच थांबलं. तिला कळलं. मला बी तवाच कळलं. नाटकात आडवं येणारं माणूस लांबनं वळखू येतंय, मिशा आस्त्यात, काठी आस्ती, वरडतंय. आत्याबाईंच्या हातात नारळ हुता.

तात्या आले. कुणीतरी हातात खण दिला. हुबे ऱ्हायले. ह्या माणसानं लढाई बगितलीया. त्यांनी इंदूताईकडं बगितलं, तिनं त्यांच्याकडं. मधी कायबी नव्हतं, खुर्ची बी नव्हती. देवळातली घंटा कोणतरी पोर वाजवत हुतं तेवढीच. तात्यांनी हातातला खण एकदा टोपीसारखा फिरवला. आन् इंदूताईनं हळूच पदर फुडं धरला. तात्यांनी खण टाकला.

"झालं!" आत्याबाई म्हणल्या. घरला जाताना त्यांनी माज्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठिवला, म्हणल्या, "तुज्याच लेकरासाठनं केलं. तात्याचं रान उद्या कुणाला गेलं आसतं?" मी त्यो त्यांच्या कडंवरच्या बाळूच्या हातात दिला आन् दोनी हात पाठीमागं घितले. बाळूनं त्यो तुकडा चोखला.

नाटक झालं. इंदूताईनं समदं काम येवस्थित केलं, लोकं लोळून हासली. तिसऱ्या अंकात बापानं हासायचं आलं. तात्यांनी कंबरंवर हात ठिवले, "आरं लबाडांनो, मला समदं..." आन् थांबले. हसूच येईना. लोकं वाट बगत्यात. मागनं कोणतरी वरडलं, "हासा की तात्या!" तात्या हुबेच. मग इंदूताईनं ती मधली खुर्ची पायानं बाजूला सारली, पयल्यांदा, आन् बापाजवळ जाऊन म्हणली, "बाबा, हसा ना. लोक घरी जायचे थांबलेत." त्ये नाटकात नव्हतं. तात्यांनी तिचा हात धरला आन् न हासताच हिरोच्या हातात दिला आन् आत गेले.

दुसऱ्या दिवशी येस्टीच्या फाट्यावर मी तिला इचारलं, "तू पाटावरनं उठली का न्हाईस?"

ती म्हणली, "त्यांनी हात मागं घितला आसता तर मी उठले आसते. त्ये बी त्येच म्हणत आसतील, तिनं पदर धरला नसता तर. आन् शालन, आजपस्तोर मला लेक कोण म्हणलं हुतं गं? खोट्या बापांबिगर?" मग म्हणली, "आमच्या नाटकात समदे न्हाई म्हणून आडवत्यात. व्हय म्हणून, वटी भरून आडवायचं कुणाला सुचलंच न्हाई बग." आन् हसली थोडं. "तुजी आत्याबाई लय मोठी नाटकवाली."

त्यानंतर आमच्या गावानं तिला काम दिलं न्हाई. आत्याबाईंनी पंचास्नी सांगितलं, गावची लेक माहेरात तोंडाला रंग लावती व्हय? लोकास्नी पटलं. जत्रंला वटीला ये म्हणून मातर निरोप धाडला हुता औंदा. ती आली न्हाई. आली ती ही नवी पोरगी.

मी तिला शेवटची बगितली ती भाऊबीजंला. बाळूचं पाऊल मिरजंत दाखवायचं हुतं, प्लास्टर सुटल्यालं, बूट मिळणार हुते, म्हणून मी आन् तात्या गेलो. आन् भाऊबीज म्हणल्यावं भनीच्या घरी जायालाच पायजे. तात्यांनी काकंत धोतरात गुंडाळून कायतरी घितलं हुतं. येस्टीत समद्या वाटंनं मांडीवर धरून बसले.

इंदूताईनं दार उघडलं. बारीक झाल्याली. ती खुर्ची भितीला मिटून. ह्या टायमाला उघडली न्हाई. पाट मांडला. तात्या पाटावं बसले, मांडी घालून, पाठ वाकल्याली. तिनं कुकू लावलं, ववाळलं. तात्यांनी धोतर सोडलं आन् त्यो लाकडी चौकटीचा आरसा ताटाफुडं ठिवला.

"ववाळणी," त्ये म्हणले.

"येवढा मोठा?" ती म्हणली.

"त्वांड समदं दिसाय पायजे," तात्या म्हणले.

जेवलो. लाडू केल्ते तिनं. बाळूला चालवून बगितलं, त्यो नव्या बुटात दोन पावलं टाकून तिच्या आंगावर पडला. मग निघालो. गल्लीच्या टोकाला गेल्यावं माज्या ध्येनात आलं, बाळूचं टोपरं तितंच ऱ्हायलंय. तात्यांच्या कडंवर बाळूला देऊन मी पळत मागं आले.

दार लोटल्यालं, फटीतनं दिसत हुतं. तिनं घडीची खुर्ची उघडली हुती, मधोमध, जत्रंत ठिवायची तशी. खुर्चीवर आरसा टेकवल्याला. ती फुडं उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली हुती, तात्या आले की बसायची तशी, आन् आरशात समदं त्वांड एकदम बगत हुती. मग तिनं आवाज घोगरा केला, तात्यांचा, पल्टणीतला, आन् हळू म्हणली, "न्हाई. ह्ये लगीन हुनार न्हाई." थांबली. मग कंबरंवर हात ठिवले. "आरं लबाडांनो, मला समदं ठाऊक हुतं." आन् हासली. तात्या हासायचे तसंच, तेवढंच लांब, फक्त आवाज बारीक, शेजारच्या खोलीत जाऊ नये इतपत. हासणं संपल्यावं ती तशीच बगत ऱ्हायली, जसं लोकं उठायची वाट बगतीया.

टोपरं खुर्चीच्या पाठीला लटकत हुतं. मी दार ढकललं न्हाई.

गल्लीच्या टोकाला तात्या बाळूला घिऊन हुबे हुते, माज्या मागं दाराकडं बगत.

"घावलं का?" त्यांनी इचारलं.

"न्हाई, तात्या," मी म्हणले. त्यांनी आपला रुमाल काढला, बाळूच्या डोस्क्याला बांधला, आन् आमी येस्टीकडं चालाय लागलो.